कसुरी मेथीचा हिशेब

जानेवारी-फेब्रुवारीत मेथीची आवक वाढली की दर वर्षी तेच घडते. जुडीचा भाव दोन-तीन रुपयांवर येतो, काढणीची मजुरीही सुटत नाही, उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवल्याच्या किंवा जनावरे सोडल्याच्या बातम्या येतात, आणि पाठोपाठ कोणीतरी हमखास सल्ला देतो की शेतकऱ्यांनी ही भाजी फेकण्यापेक्षा वाळवून कसुरी मेथी म्हणून विकावी. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गट यांच्या प्रक्रिया प्रकल्पांचे अहवाल तपासण्याचे काम मी करते, त्यामुळे हा सल्ला माझ्यापर्यंत आकडेमोडीच्या रूपात येतो: एका बाजूला दोन रुपयांची जुडी, दुसऱ्या बाजूला किराणा दुकानातल्या पाकिटावरची छापील किंमत, आणि मधला सगळा फरक 'नफा' या रकान्यात. तो फरक खरोखर कुठे जातो हे सविस्तर मांडावे असे बरेच दिवस मनात होते, कारण त्या रकान्यावर विश्वास ठेवून बायका कर्ज काढतात.

सुरुवात वनस्पतीपासूनच करावी लागते. आपण जुडीने विकत घेतो ती मेथी आणि कसुरी मेथी या ट्रायगोनेला या एकाच प्रजातीतल्या दोन निराळ्या जाती आहेत. साधी मेथी ती ट्रायगोनेला फोएनम-ग्रेकम, आणि कसुरी ती ट्रायगोनेला कॉर्निक्युलाटा. कसुरीची वाढ सुरुवातीला संथ असते, रोप जमिनीलगत पसरते, पान लहान असते, फुले पिवळी येतात आणि शेंग कोयत्यासारखी वाकडी असते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा कसुरी' नावाचा वाण दिलेला आहे, तो याच जातीचा. साधी मेथी वाळवली की तिचा कडवटपणा राहतो आणि वास बराचसा उडून जातो. कसुरीचा वास मात्र वाळल्यावरही टिकतो, आणि ग्राहक पैसे देतो ते त्या वासाचे. पुण्यातल्या एका खानावळीच्या आचाऱ्याने बचत गटाचा नमुना तळहातावर चोळून नाकाशी नेला आणि 'रंग चांगलाय, पण ही आपली भाजीचीच मेथी आहे' एवढेच म्हणून पुडी परत केली, तेव्हा त्या गटाच्या अहवालातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा ते एक वाक्य मला महत्त्वाचे वाटले. साधी मेथी वाळवून विकण्यात काही गैर नाही. ती 'वाळवलेली मेथी' म्हणून विकावी. तिला कसुरीचा भाव मिळेल असे धरून हिशेब मांडला की तो पहिल्याच ओळीत चुकतो.

ज्या कसुरवरून या मेथीला नाव मिळाले ते गाव आज पाकिस्तानातल्या पंजाबात, लाहोरच्या दक्षिणेला आहे. भारतात या पिकाचे मुख्य घर राजस्थानातला नागौर जिल्हा. नागौर शहराला लागून असलेले ताऊसर, पुढे मूंडवा, कुचेरा या पट्ट्यात रब्बीत ही मेथी घेतली जाते आणि तिथे तिला 'पान मेथी' म्हणतात. या पट्ट्याला निसर्गाने दिलेल्या सोयी पैशांत मोजल्या पाहिजेत, कारण स्पर्धा त्यांच्याशीच आहे. हिवाळा कोरडा आणि थंड, त्यामुळे पान सावकाश वाढते आणि कापल्यावर लवकर वाळते. शिवाय एका पेरणीवर हंगामभर एकामागून एक अनेक कापण्या होतात. आपल्याकडे मेथी महिनाभरात मुळासकट उपटतात. मशागत, बियाणे, पाणी हा सगळा खर्च एकाच काढणीवर बसतो. नागौरचा शेतकरी तोच खर्च अनेक कापण्यांवर वाटतो, विळ्याने कापतो, पाने खुडत बसत नाही, आणि वाळवणीसाठी त्याला विजेचे बिल येत नाही. सगळ्या कापण्या सारख्या नसतात, हेही सांगायला हवे. सुरुवातीच्या कापणीत पान जास्त, काडी कमी. पुढे ऊन तापू लागले की काडी जाड होते, फुले येतात आणि माल हलका ठरतो. मावठ्याचा पाऊस वाळत घातलेल्या मालावर पडला तर पान काळे पडते आणि तो माल निम्म्या भावालाही घ्यायला कोणी पुढे येत नाही.

आता पाण्याचा हिशेब. ताज्या मेथीच्या पानात वजनाने सुमारे ८६ टक्के पाणी असते. वाळल्यावर ते ८ टक्क्यांच्या आसपास आणावे लागते, नाहीतर पाकिटात बुरशी धरते. शंभर जुड्या घेतल्या आणि मुळासकट एक जुडी ४०० ग्रॅमची धरली, तर माल झाला ४० किलो. मुळे, माती, जून काड्या आणि पिवळी पाने काढून कोवळे पान साधारण निम्मे, म्हणजे २० किलो हाती येते. त्यात घन भाग अवघा २ किलो ८०० ग्रॅम. ८ टक्के ओलावा धरून वाळलेला माल ३ किलोंच्या किंचित वर. चाळताना भुगा आणि काड्या गेल्या की पावणेतीन किलो हिशेबाला धरावा. माझ्याकडे येणाऱ्या अहवालांत हे प्रमाण बहुतेक वेळा 'पाच किलोला एक किलो' असे लिहिलेले असते. ते निवडलेल्या पानांनाही लागू पडत नाही. मुळासकट आणलेल्या जुडीला तर चौदा-पंधरा किलोंना एक किलो हेच प्रमाण खरे आहे.

जुडी २ रुपयांना मिळाली तर शंभर जुड्यांचे २०० रुपये. एक बाई तासाला चार किलो पान निवडते असे धरू, म्हणजे पाच तास लागतील, आणि आठ तासांची मजुरी ४०० रुपये धरली तर निवडणीचे २५० रुपये होतात. म्हणजे वाळवणी सुरू होण्याआधीच दर किलो वाळलेल्या मालावर सुमारे १६४ रुपये चढलेले असतात, आणि त्यातला मोठा भाग भाजीचा नसून निवडण्याचा असतो. जुडी १० रुपयांवर गेली, जी ती वर्षाचा बराच काळ असते, तर हाच आकडा ४५५ रुपयांपर्यंत जातो. यापुढे वाळवणी. एक किलो पाण्याची वाफ करायला किमान ०.६५ युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. यंत्रात गरम हवा बाहेर जाते, भिंती तापतात, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरणे बरे. १७ किलो पाणी घालवायचे म्हणजे २२ युनिट, आणि ८ रुपये दराने १७६ रुपये, म्हणजे किलोमागे ६४ रुपये. दोन्ही मिळून २२८ रुपये, आणि यात अजून धुण्याचे पाणी, भाडे, व्याज, पाकीट, वाहतूक, तपासणी यांपैकी काहीच आलेले नाही. ही गृहीतके कोणी आपल्या गावच्या दरांप्रमाणे बदलावीत. पण बदलताना सर्वांत आधी निवडणीचा वेग स्वतः घड्याळ लावून मोजावा, कारण सगळ्यांत जास्त स्वप्नरंजन तिथेच होते.

यंत्राच्या घसाऱ्याची गोष्ट तर याहून गंभीर आहे. केंद्र सरकारची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. योजना उपयोगाची आहे, तिच्यामुळे अनेक गावांत पहिल्यांदाच स्टीलची भांडी आणि स्वच्छ खोली आली. परंतु अनुदान खर्चाच्या प्रमाणात असल्यामुळे यंत्र गरजेपेक्षा मोठे घेण्याकडे कल होतो. ६ लाखांचा ड्रायर दहा वर्षे चालेल असे धरले तर वर्षाचा घसारा ६० हजार. मेथी स्वस्त असते ते फार तर चाळीस दिवस. रोज दहा किलो वाळलेला माल काढला तर वर्षाकाठी ४०० किलो होतात, म्हणजे किलोमागे १५० रुपये नुसता घसारा. तेच यंत्र कढीपत्ता, पुदिना, शेवग्याचा पाला आणि कांदा यांवर वर्षातले दोनशे दिवस चालले तर हा बोजा ३० रुपयांवर येतो. म्हणून प्रकल्प मेथीचा आहे असे सांगणाऱ्या गटाला मी आधी विचारते की जूनपासून नोव्हेंबरपर्यंत यंत्रात काय घालणार आहात. बहुतेक वेळा या प्रश्नाचे उत्तर तयार नसते.

नागौरमध्ये पैसा कुठे तयार होतो, हे पाहिले की आपल्याकडची चूक आणखी स्पष्ट होते. तिथला शेतकरी माल वाळवून गोणीत भरतो आणि व्यापाऱ्याला देतो. शेतात किंवा उघड्या अंगणात वाळलेल्या त्या पानांत काड्या, गवत, खडे आणि मुख्य म्हणजे बारीक वाळू असते. खरेदीदार गोणीत हात खोलवर घालतो, तळातून मूठभर माल काढतो, दोन्ही तळहातांत चोळून फुंकर मारतो आणि मग हाताच्या रेषांत काय उरले ते पाहतो. राखाडी धूळ उरली तर एक भाव, हिरवा भुगा उरला तर दुसरा. पुढे आतल्या शेडमध्ये बायका वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्यांवर माल फिरवतात, पंख्याच्या वाऱ्यावर उफणतात, काड्या हाताने वेचतात. मोठी पाने, अखंड हिरवी, एका ढिगात, तुकडे दुसऱ्यात, काडीमिश्रित तिसऱ्यात, आणि खाली पडलेला भुगा मसाला मिश्रणांसाठी चौथ्यात. एकाच गोणीतून चार माल निघतात, चारांचे भाव वेगळे असतात, आणि शेतकऱ्याला मात्र गोणीचा एकच सरासरी भाव मिळालेला असतो.

माझ्या मते या पिकाच्या अर्थकारणाचा गाभा हाच आहे. शेवटचा ग्राहक रंग, वास आणि स्वच्छता यांचे पैसे देतो. शेतकऱ्याला मात्र वजनाचे पैसे मिळतात. वजनाने विकणाऱ्याला काडी फायद्याची, ओलावा फायद्याचा आणि थोडी मातीही फायद्याची. त्याने सावलीत, जाळीच्या मांडणीवर, पातळ थर पसरून वाळवले तर हरितद्रव्य टिकते आणि पान हिरवे राहते. पण त्यासाठी जागा जास्त लागते, दिवस जास्त लागतात, माल उलटत राहावा लागतो, आणि नीट वाळलेला माल वजनाला कमी भरतो. म्हणजे काळजी घेणारा शेतकरी त्याच भावात कमी किलो विकतो. व्यापाऱ्यालाही हे ठाऊक असते, म्हणून तो आधीच घट गृहीत धरून भाव पाडतो, वर कडता, म्हणजे वजनातली वजावट, कापतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर वागतात आणि माल खराबच राहतो. याचा दोष 'दलाल लुटतात' या एका वाक्यात मांडणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. माल स्वच्छ करण्याचे, साठवण्याचे, घट सोसण्याचे आणि उधारीवर पुढे देण्याचे खरे काम व्यापारी करतो आणि त्या कामाला किंमत असते. गैर इतकेच आहे की प्रत ठरते ती खरेदीनंतर, शेतकऱ्याच्या पाठीमागे.

पाकिटाच्या टप्प्यावर वेगळेच नियम सुरू होतात. वाळलेले पान अतिशय हलके आणि फुगीर असते. टेम्पो वजनाने भरण्याच्या कितीतरी आधी आकाराने भरतो, त्यामुळे वाहतुकीचा दर किलोमागे धान्याच्या अनेक पट पडतो. दाबून भरावे तर पानाचा भुगा होतो आणि वरची प्रत खालच्या प्रतीत जाते. २५ ग्रॅमचे पाकीट म्हणजे एका किलोला चाळीस पाकिटे, चाळीस लेबले, चाळीस वेळा वजन आणि सील. ही मजुरी आणि वेष्टनाचा खर्च आतल्या मालाच्या जवळपास जाऊ शकतो. ग्राहकाला पान दिसायला हवे म्हणून पारदर्शक पाकीट विकले जाते, आणि उजेडाने रंग उडतो म्हणून अपारदर्शक पाकीट टिकते; नव्या ब्रँडला दुकानदार मागची जागा देतो, तिथे माल महिनोन्महिने पडून राहतो, आणि पारदर्शक पाकिटातले पान तपकिरी होऊन परत येते. घरात हे पाकीट चिमटीचिमटीने वापरले जाते, एक पाकीट कित्येक महिने पुरते. म्हणून घरगुती ग्राहक मिळवण्यावर जितका खर्च होतो तितकी पुन्हा खरेदी होत नाही. देशभर जाहिरात असलेल्या मसाला कंपन्यांना हे परवडते, कारण त्यांची मेथी हळद-तिखटाच्याच गाडीतून, त्याच वितरकाकडून, त्याच दुकानात जाते. बचत गटाला एकट्या मेथीसाठी ती सगळी वाट नव्याने बांधावी लागते. मला बचत गटांच्या ब्रँडचा अभिमान वाटतो, त्यांची प्रदर्शनातली विक्रीही मी पाहते. तरीही वाळलेल्या पानाच्या बाबतीत सुट्या पाकिटाने सुरुवात करू नये असेच मी सांगते. खाखरा, मठरी, पराठा पीठ, तयार ग्रेव्ही करणारे आणि मोठ्या खानावळी हे खरे घाऊक ग्राहक आहेत. त्यांना पाच किंवा दहा किलोची पिशवी चालते आणि भुगाही चालतो. भुगा विकला जातो म्हणजे चाळणीतली घट वसूल होते, आणि साध्या मेथीलाही तिथे, तिच्या स्वतःच्या नावाने, जागा असते.

कीडनाशकांचे अवशेष आणि जंतू यांचा विषय अहवालांत कधीच नसतो, आणि तिथेच माल नाकारला जातो. मेथीवर मावा आणि भुरी येते, फवारणी होते, आणि भाजीचा भाव चढलेला असेल तर फवारणीनंतर थांबायचे दिवस न पाळता काढणी होते. पाणी जाऊन ताज्या पानाचे वजन सहाव्या-सातव्या हिश्श्यावर आले की कीडनाशकाचा जो अंश वाळवताना उडत नाही तो त्याच पटीने गडद होतो. म्हणून 'भाव पडला म्हणून कोणाचीही भाजी आणून वाळवू' हे धोरण निर्यातीलाच नव्हे, तर चांगल्या देशी खरेदीदारालाही चालत नाही. फवारणीची नोंद असलेले मोजके शेतकरी ठरवून घ्यावे लागतात. जंतूंचा प्रश्नही तसाच. जमिनीवर वाळवलेल्या पानात मातीतले जीवाणू येतात. वाफेने निर्जंतुक केले तर पानाचा रंग आणि वास दोन्ही उतरतात, आणि इथिलीन ऑक्साइड वायूचा मार्ग युरोपने बंद केलेला आहे. २०२० मध्ये भारतीय तिळात त्याचे अवशेष सापडल्यावर युरोपात माल परत घेण्याची लाट आली, आणि एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने काही भारतीय मसाला मिश्रणांबाबत हाच आक्षेप घेतला. पानाच्या बाबतीत त्यामुळे स्वच्छता शेवटी करता येत नाही, ती पहिल्यापासून ठेवावी लागते: पाणी स्वच्छ, मांडणी जमिनीपासून उंच, वर जाळी, हात धुतलेले. प्रयोगशाळेची तपासणी नमुन्यागणिक पैसे घेते. टनाच्या खेपेला ती जाणवत नाही, पन्नास किलोच्या खेपेला मात्र किलोचा नफा त्यातच जातो. लहान लहान गटांनी आपापला माल वेगळा न विकता एकत्र खेप करावी यामागचे सर्वांत व्यवहारी कारण हे आहे.

मग महाराष्ट्रात हा धंदा करूच नये का? करावा, पण पडलेल्या भावावर उभा करू नये. जिथे हिवाळा कोरडा आहे आणि विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी आहे, अशा गावांत कसुरीचे बी घेऊन, कापणीच्या पद्धतीने, अर्ध्या एकरावर आधी घेऊन पाहावे. नागौरइतक्या कापण्या मिळतीलच असे धरू नये. विळ्याने कापलेले पान काडीसकट वाळवून नंतर चाळले तर निवडणीची मजुरी, जी वरच्या हिशेबात सर्वांत जड होती, बरीच खाली येते. वाळवणीसाठी जाळीचे थर असलेली साधी सौर मांडणी पुरेशी असते, आणि विजेचा ड्रायर फक्त शेवटचा ओलावा काढण्यासाठी वापरावा: तो थोडे तास चालतो आणि लहान घेतला तरी भागतो. उरलेल्या महिन्यांसाठी कढीपत्ता आणि शेवगा हे आपल्या हवामानातले भरवशाचे पाले आहेत, त्यांची झाडे वर्षभर उभी असतात आणि बी पेरण्याचा खर्च दर हंगामाला येत नाही.

गट आणि खरेदीदार यांच्यात करार होतो तेव्हा मी आता तीन गोष्टी लिहून घ्यायला लावते. ओलावा मोजण्याचे यंत्र माल उतरवण्याच्या जागी असावे आणि गटाच्या माणसासमोर आकडा घ्यावा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव आणि त्यावर प्रत्येक टक्क्याला किती वजा, हे आधीच ठरलेले असावे. अखंड पान, तुकडा, काडीमिश्रित आणि भुगा यांचे चार भाव करारात वेगळे छापलेले असावेत, म्हणजे जी बाई सावलीत वाळवते आणि नीट चाळते तिच्या कामाचे पैसे हिशेबपट्टीवर दिसतात. आणि प्रत्येक खेपेच्या नमुन्याची एक सीलबंद पिशवी गटाकडे, एक खरेदीदाराकडे राहावी, म्हणजे तीन आठवड्यांनी 'माल काळा निघाला' असा फोन करून कडता मागण्याची सोय उरत नाही.